चाकांवरचा जुना डिशवॉशर कपडे धुण्याच्या खोलीत बसवताना

परदेशातून परतलेल्या नातेवाइकांच्या सामानासोबत आलेला आणि पुढे जिन्याखाली किंवा गॅरेजमध्ये चादरीखाली पडून राहिलेला चाकांवरचा डिशवॉशर पुन्हा चालू करावा, असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. आमच्या बडोद्याच्या घरी असे एक जुने अमेरिकन यंत्र मागच्या चोकडीला (भांडी घासायच्या मोरीला) लागून असलेल्या, कपडे धुण्याच्या खोलीत बसवलेले असून ते नियमित वापरात आहे. प्लंबर, वायरमन आणि घरातील मंडळी यांपैकी कोणीही तसले यंत्र आधी पाहिलेले नसल्यामुळे प्रत्येक गोष्ट मुळापासून समजून घ्यावी लागली. जे समजले ते येथे क्रमाने मांडले आहे.

हे यंत्र मुळात स्वयंपाकघरासाठी आखलेले असते. ज्या घरात कायमची नळजोडणी करता येत नाही, तेथे ते ढकलत सिंकपाशी न्यायचे, त्याची जोडनळी नळाच्या तोंडाला अडकवायची आणि भांडी धुऊन झाली की पुन्हा कोपऱ्यात उभे करायचे, अशी त्याची रीत. या रीतीत तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत: नळाला गरम पाणी आहे, त्या पाण्याला पुरेसा दाब आहे आणि खाली मळके पाणी झेलणारे सिंक आहे. आपल्याकडच्या धुण्याच्या खोलीत बहुधा यांपैकी एकही गोष्ट आयती मिळत नाही. म्हणून आधी खोली तयार करावी आणि यंत्र सर्वांत शेवटी आत आणावे. चाके आहेत, तेव्हा कुठेही उभे केले तरी चालेल, या समजुतीतूनच बहुतेक त्रास सुरू होतो.

१. पाटी वाचा आणि कागद जमवा

यंत्राच्या दाराच्या कडेला, आतल्या चौकटीवर किंवा पाठीमागे धातूची एक छोटी पाटी असते. तिच्यावरील मॉडेल क्रमांक, व्होल्ट, हर्ट्झ आणि अँपिअर हे चार आकडे टिपून घ्या व पाटीचे छायाचित्रही काढून ठेवा. पाटीवर २२० किंवा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असेल, तर यंत्र युरोपच्या पद्धतीचे आहे. ते साधे थंड पाणी घेते आणि आत स्वतः तापवते. त्यामुळे पुढील पायऱ्यांतील ट्रान्सफॉर्मरचा आणि गिझरचा सगळा भाग तुम्ही सोडून देऊ शकता. पाटीवर ११५ किंवा १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असेल, तर मात्र सर्व पायऱ्या तुमच्याच आहेत.

अमेरिकन यंत्रांत बहुधा खालच्या पट्टीच्या आड घडी करून खोचलेला एक तांत्रिक कागद असतो. त्यात वायरिंगचा आराखडा आणि टायमरचा तक्ता दिलेला असतो. तो मिळाला, तर त्याची प्रत काढून वायरमनच्या हातात प्रतच द्या, मूळ कागद देऊ नका. जुना कागद घडीवर फाटतो. याखेरीज जवळ ठेवावयाचे कागद असे:

– मध्य गुजरात वीज कंपनीचे ताजे बिल, कारण मंजूर भार त्यावरच छापलेला असतो;
– घर भाड्याचे असल्यास मालकाची लेखी संमती;
– फ्लॅट असल्यास आणि सांडपाण्याचा पाइप सामाईक डक्टमधून जाणार असल्यास सोसायटीची परवानगी.

हत्यारांत स्पिरिट लेव्हल, मोजपट्टी, मल्टीमीटर, दोन पाने, पक्कड, टेफ्लॉन टेप, बादली आणि टॉर्च एवढे पुरते. मेगर (विजेची गळती तपासण्याचे मीटर) वायरमनकडे असतो. तो घेऊनच यावयास त्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या दिवशीचे काम अर्धवट राहते.

२. जागा मोजा, आणि फरशीचा उतारही

पूर्ण आकाराचे यंत्र साधारण ६१ सेंटिमीटर रुंद असते आणि अरुंद जातीचे ४६. यंत्राचे पुढून मागपर्यंतचे माप ६५ सेंटिमीटरच्या आसपास धरा व मागे पाइपांसाठी ८–१० सेंटिमीटर मोकळे सोडा. पुढून उघडणारे दार पूर्ण खाली आल्यावर समोर माणूस उभा राहून खालची जाळी ओढू शकला पाहिजे, म्हणजे यंत्रापुढे एक मीटरहून थोडी अधिक जागा हवी. वरून उघडणारे यंत्र असेल, तर वरचे कप्पे आणि वाळत घालायच्या दांड्या झाकणाच्या वाटेत येतात. मोजताना ही गोष्ट हमखास सुटते. पुढून उघडणाऱ्या यंत्राच्या मागे किंवा तळाशी वजनाचा ठोकळा बसवलेला असतो. उचलायला जड होते म्हणून काहीजण तो काढून ठेवतात. तसे केल्यास भरलेली जाळी बाहेर ओढताच यंत्र पुढे कलंडते.

खरी अडचण फरशीची आहे. आपल्या धुण्याच्या खोलीतील कोटा फरशी नहाणीकडे (पाणी वाहून जायच्या जाळीकडे) उतरती घातलेली असते आणि ते योग्यच आहे. परंतु यंत्र तिरपे उभे राहिले, की तळातील पाणी एका बाजूला साचते, पातळी ओळखणारा तरंगता खटका फसतो आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी झिरपू लागते. गवंड्याकडून विटांचा आणि वर कोटा किंवा ग्रॅनाइटचा १० ते १५ सेंटिमीटर उंच, सपाट ओटा बांधून घ्यावा, हा माझा स्पष्ट आग्रह आहे. ओट्याला पुढच्या बाजूने दोन सेंटिमीटरची कड ठेवली, म्हणजे चाके घसरत नाहीत. यंत्र ओट्यावर चढल्यावर लेव्हल दोन्ही दिशांनी लावून पाहा. हा ओटा पावसाळ्यातही उपयोगी पडतो, त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

३. वीज

या यंत्रासाठी स्वतंत्र एमसीबी (जादा भार आल्यास पडणारा खटका), १६ अँपिअरचे सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका) हवा. सॉकेट फरशीपासून किमान सव्वा मीटर उंच व नळापासून दूर असावे. वॉशिंग मशीन, गिझर आणि डिशवॉशर एकाच वायरीवर घेऊ नका. तिन्ही एकत्र चालली, तर मंजूर भाराचाही प्रश्न येतो. तो बिलावरच पाहून कमी असल्यास वाढवून घ्यावा.

अमेरिकन यंत्राला स्टेप-डाउन म्हणजे व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. अशी यंत्रे साधारण १० ते १२ अँपिअर घेतात, म्हणजे १२००–१४०० वॉट. मोटर सुरू होतानाचा झटका लक्षात घेता ट्रान्सफॉर्मर ३००० व्हीएचा घ्यावा. मिक्सरसाठी मिळणारा छोटा डबा येथे चालत नाही. तो तापतो आणि वास मारू लागतो.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ मात्र बदलत नाही, आणि त्याचे परिणाम आधीच माहीत असलेले बरे. ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटर आपल्याकडे सुमारे पाच षष्ठांश वेगाने फिरते. पंपाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरत असल्यामुळे फवाऱ्याचा जोर जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो. टायमरची छोटी मोटरही तेवढीच मंदावते, त्यामुळे ६० मिनिटांचा फेरा ७२ मिनिटे चालतो. यात बिघाड काहीच नाही. जाळ्या थोड्या सैल भराव्यात, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय ५० हर्ट्झवर तीच मोटर पूर्ण १२० व्होल्टवर चालवली, तर ती अधिक प्रवाह ओढून तापते. हिशोबाने तिला १०० व्होल्टच्या आसपास द्यावयास हवेत. परंतु १०० व्होल्टवर तापकाची शक्ती ७० टक्क्यांच्याही खाली जाते. म्हणून बाजारात सहज मिळणारा ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर ही चांगली तडजोड आहे. त्यावर तापक सुमारे ८४ टक्के काम करतो आणि मोटरही फारशी कुरकुरत नाही. मोटर रिवाइंड करून घेण्याचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो मानू नका, कारण टायमर, पाण्याचा व्हॉल्व्ह आणि तापक हे सगळेच १२० व्होल्टचे असतात आणि एकटी मोटर बदलून काहीच साधत नाही.

सर्वांत धोकादायक सापळा अर्थिंगचा आहे. अनेक ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या सॉकेटला दोनच छिद्रे असतात. यंत्राच्या तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन मोडून तो त्यात बसवणारे महाभाग भेटतात. ओल्या खोलीत, लोखंडी पत्र्याच्या यंत्राला, ओल्या हातांनी स्पर्श होणार असताना हे कदापि करू देऊ नका. यंत्राच्या सांगाड्यापासून घराच्या अर्थिंगपर्यंत हिरवी वायर सलग गेलीच पाहिजे. ट्रान्सफॉर्मर आयसोलेशन जातीचा (दोन्ही बाजूंच्या गुंडाळ्या एकमेकींना न जोडलेला) असेल, तर त्याच्या पलीकडची गळती घरातील आरसीसीबीला दिसत नाही, हे वायरमनला मुद्दाम सांगा व यंत्राच्या बाजूला वेगळे संरक्षण कसे द्यायचे ते त्याच्याकडून ठरवून घ्या. ऑटो ट्रान्सफॉर्मर (दोन्ही बाजूंना एकच गुंडाळी असलेला) असेल, तर फेज आणि न्यूट्रल उलटे झालेले नाहीत, याची खात्री मल्टीमीटरने करून घ्या. यंत्राची मूळ रबरी केबल वाकवल्यावर तडकत असेल, तर टेप गुंडाळत बसू नका, पूर्ण बदला.

४. पाणी

येथे सर्वाधिक वेळ द्या. बडोद्यात आजवा सरोवराचे आणि मही नदीकाठच्या फ्रेंच विहिरींचे पाणी ठरावीक वेळेस येते, आपण ते टाकीत साठवतो आणि घरभर गच्चीवरच्या टाकीतून वापरतो. टाकीचा तळ नळापासून ७ मीटर उंच असेल, तर नळाशी दाब मिळतो तो ०.७ बार. अमेरिकन यंत्राचा व्हॉल्व्ह मात्र किमान १.४ बारसाठी म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीच्या पाण्यासाठी बनवलेला असतो. नव्या यंत्रांत पाणी पुरेसे भरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो. जुन्यांत तो बहुधा ठरलेल्या वेळेपुरताच उघडतो आणि तरंगता खटका केवळ ओसंडू नये म्हणून असतो. दाब कमी, म्हणजे तेवढ्या वेळात पाणी कमी. मग पंप पाण्यासोबत हवा ओढतो, खळखळ आवाज येतो आणि वरच्या जाळीतील भांडी जशीच्या तशी राहतात. बहुतेक लोक येथे पंप खराब झाला असे समजून तो उघडायला घेतात. त्याआधी पहिले पाणी भरून झाल्यावर दार हळूच उघडून आत पाहा. तळाशी असलेल्या तापकाच्या वळ्याला पाणी टेकले पाहिजे. टेकत नसेल, तर दोष पुरवठ्याचा आहे.

उपाय म्हणजे छोटा प्रेशर पंप. तो १.५ ते २ बारवर ठेवावा आणि गिझरच्या आधी, थंड पाण्याच्या बाजूला बसवावा. कमी दाबावर आणखी एक गंमत होते: व्हॉल्व्हचा पडदा नीट मिटत नाही आणि बंद यंत्रातही थेंब थेंब पाणी भरत राहते. म्हणून पंप बसवला तरी फेरा संपल्यावर अँगल कॉक हाताने बंद करण्याची सवय घरातील सर्वांनाच लावा.

गरम पाण्याचा हिशोब सोपा आहे. जुने यंत्र एका भरणीला साधारण ८–१० लिटर घेते आणि एका फेऱ्यात अनेक वेळा भरते. एकूण ४० ते ५० लिटर पाणी लागते. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर येथे निरुपयोगी आहे. पंधरा लिटरचा, २ किलोवॉटचा साठवणीचा गिझर १० लिटर पाणी ३५ अंशांनी वाढवायला सुमारे १२ मिनिटे घेतो. दोन भरण्यांमध्ये साधारण तेवढा अवकाश मिळतोच. पंचवीस लिटरचा असल्यास प्रश्नच नाही. पाणी ५५ ते ६० अंश असावे. फेरा सुरू करण्यापूर्वी जवळचा गरम नळ सोडून पाइपातील थंड पाणी बादलीत काढून घ्या, अन्यथा पहिली भरणी कोमट होते. मे महिन्यात गच्चीवरची टाकी स्वतःच इतकी तापते, की गिझर थोडाच वेळ लागतो.

आता जोडणी. यंत्राच्या जोडनळीत पाणी घेणारी आणि मळके पाणी सोडणारी, अशा दोन नळ्या एकाच तोंडात असतात. तिचे आटे अमेरिकन नळाचे असल्यामुळे आपल्या अर्ध्या इंची नळाला बसत नाहीत, आणि टेफ्लॉन टेपचे थर चढवून ते बसवण्याचा प्रयत्न दाब आल्यावर फसतो. खोलीत सिंक असेल, तर मूळ जोडनळी ठेवून पितळी अडॅप्टर करून घ्यावा. मकरपुरा जीआयडीसीत लेथवर असे काम करणारे अनेक कारखाने आहेत, नमुना सोबत न्यावा. सिंक नसेल, तर जोडनळी सरळ काढून दोन्ही नळ्या वेगळ्या कराव्यात आणि नवी जाळीदार पाणीनळी स्वतंत्र अँगल कॉकला जोडावी. मला हा दुसरा मार्ग अधिक पसंत आहे, कारण कपडे धुण्याच्या खोलीत यंत्र हलवायचे नसतेच. काढलेली जोडनळी फेकू नका, डब्यात ठेवा. चोकडीतील मूळ नळ मात्र मोकळाच राहू द्या. कढई, तवा आणि परात घासायला येणाऱ्या मावशींची अडचण झाली, तर यंत्र घरात फार दिवस सुखाने नांदत नाही.

बोअरचे पाणी वापरत असाल, तर क्षारांमुळे पेल्यांवर पांढरा थर बसतो. युरोपीय यंत्रांत पाणी मऊ करण्यासाठी मिठाचा कप्पा असतो, जुन्या अमेरिकन यंत्रांत तो नसतो. शक्य तेथे पालिकेच्या पाण्याच्या टाकीवरूनच जोडणी घ्या.

५. सांडपाणी

नळी फरशीवर सोडून तिचे तोंड नहाणीत खोचणे सर्वांत सोपे, आणि सर्वांत चुकीचे. तोंड यंत्राच्या तळापेक्षा खाली गेले, की सायफन तयार होतो आणि एका बाजूने भरणारे पाणी दुसऱ्या बाजूने निघून जाते. भिंतीवर ४० ते ५० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप उभा करा, त्याचे वरचे तोंड फरशीपासून ७५ ते ९० सेंटिमीटर उंच ठेवा, खालचे टोक नहाणी ट्रॅपला जोडा आणि यंत्राची नळी वरून १५ सेंटिमीटर आत सोडा. तोंड सिलिकॉनने बंद करू नका. हवा आत जायलाच हवी.

वॉशिंग मशीनचे पाणीही त्याच ट्रॅपमध्ये जात असेल, तर दोन्ही यंत्रे एकाच वेळी रिकामी होणार नाहीत, असे वेळापत्रक ठेवा. कपड्यांचा लिंट आणि भांड्यांचे तूप-तेल एकत्र आले, की ट्रॅपमध्ये राखाडी, चिवट गोळा तयार होतो. तो ॲसिड ओतून जात नाही, जाळी काढून हातानेच काढावा लागतो. आठवड्यातून एकदा जाळी उघडणे पुरते. बंगल्यांमध्ये काही ठिकाणी चोकडीचे पाणी बागेकडे वळवलेले असते. डिशवॉशरची पावडर तीव्र अल्कलीची असल्यामुळे ते पाणी झाडांना सोडू नका, ड्रेनेजकडेच न्या.

६. चालू करण्यापूर्वी

प्लग न लावता यंत्राचा खालचा पत्रा काढा आणि टॉर्चने पाहा. झुरळे, पालीची अंडी, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, सगळे येथेच सापडते. साफ केल्यावर तळात दोन-तीन लिटर कोमट पाणी ओतून रात्रभर राहू द्या. पंपाचे सील वर्षानुवर्षे कोरडे राहून चिकटलेले असते. तसेच सुरू केल्यास मोटर नुसती गुणगुणते किंवा सील फाटून पाणी थेट मोटरवर गळते. सकाळी खाली ओल दिसली, तर सील बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. पंपाचा पंखा हाताने अलगद फिरतो का, तेही पाहा.

त्यानंतर वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने तापक आणि सांगाडा यांमधील रोध तपासून घ्या. तो एक मेगओहमपेक्षा कमी आला, तर तापकात ओल शिरलेली आहे. काही वेळा तापक सुटा करून उन्हात चांगला वाळवल्यावर रोध सुधारतो, काही वेळा तापकच बदलावा लागतो. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तोच काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाला पुन्हा कामाला बोलावू नका.

दाराचे रबर कडक झाले असेल, तर नव्याची वाट न पाहता जवळच्या जाडीची ईपीडीएम रबराची पट्टी मापात कापून बसवता येते. जाळ्यांवरील प्लास्टिकचे आवरण जेथे उडाले असेल, तेथे गंज घासून लेप द्या, नाहीतर स्टीलच्या ताटांवर तपकिरी डाग पडतात.

पहिला फेरा रिकामा, पावडरशिवाय आणि समोर बसून चालवा.

७. भांडी

स्टीलची ताटे, वाट्या, पेले, काच आणि चिनी माती निर्धास्त लावा. ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडतो, पितळ आणि तांबे निस्तेज होते, लोखंडी तवा गंजतो. ही सर्व बाहेर ठेवा. वाट्या पालथ्या आणि थोड्या तिरप्या असाव्यात. आमटीची डाळ, भाताची शिते आणि शेवटचा घास आधी खरवडून काढावाच लागतो, कारण फवारा मंद आहे आणि जुनी गाळणी बारीक असते. हळदीचा डाग प्लास्टिकच्या डब्यावरून जाणार नाही, त्यासाठी यंत्राला दोष देऊ नये. पावडर डिशवॉशरचीच वापरा. साध्या भांड्याच्या साबणाचे दोन थेंबही फेसाचा लोंढा दारातून बाहेर काढतात.

८. पावसाळा

शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या पुराने २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये समा, फतेगंज, अकोटा या भागांत तळमजल्यांवर पाणी आणले. मगरी सोसायट्यांत आल्या, त्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या. पण नहाणीतून उलटे येणारे पाणी घराच्या मागच्या खोलीत सर्वांत आधी शिरते, याची बातमी होत नाही. डिशवॉशरची मोटर यंत्राच्या अगदी तळाशी असते, म्हणून दुसऱ्या पायरीतील ओटा नदीजवळच्या घरांत १५ सेंटिमीटरऐवजी ३० करावा आणि ट्रान्सफॉर्मर फरशीवर न ठेवता भिंतीवर लोखंडी कंसात बसवावा. पुराचा इशारा मिळताच प्लग काढा, अँगल कॉक बंद करा, सांडपाण्याची नळी उभ्या पाइपातून बाहेर काढून वर बांधा आणि शक्य असल्यास नहाणीवर रबरी बूच बसवा. पाणी मोटरपर्यंत चढलेच, तर ओसरल्यावर स्वच्छ पाण्याने तळ धुवा, पत्रा उघडा ठेवून पंख्याच्या वाऱ्यात पूर्ण वाळवा आणि मेगरची तपासणी पुन्हा झाल्याखेरीज प्लगला हात लावू नका.